जायंट्स कॉजवे: टूरबसचा सव्वा तास आणि माझा अख्खा दिवस

उत्तर आयर्लंडच्या या किनाऱ्यावर मी एकाच आठवड्यात दोनदा गेले. आधी बेलफास्टहून 'एका दिवसात सगळं' दाखवणाऱ्या टूरबसने, मग एकटीने.

टूरमध्ये किल्ला, फोटो. झाडांच्या कमानीचा रस्ता, फोटो. आणि कॉजवेला, म्हणजे समुद्रकाठच्या दगडी खांबांच्या त्या पसाऱ्याला, जेमतेम सव्वा तास. त्यातला बराचसा खाली उतरण्या-चढण्यात गेला. मी 27 वर्षं शाळेत भूगोल शिकवला. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्या आत आत जाऊन बेसॉल्टचे खांब तयार होतात, हे फळ्यावर षटकोन काढून कितीदा समजावलं असेल! ते खांब पहिल्यांदाच पायाखाली आले आणि गाईड घड्याळ दाखवू लागला. बसमध्ये बसले तेव्हा डोळे भरून आले होते.

मुलगी म्हणाली, "आई, तू परत जा. मला रजा नाही, पण तुला जमेल." जमलं. बेलफास्टहून ट्रेनने कोलरेन, तिथून बस कॉजवेपर्यंत.

खांब सुमारे 40,000 आहेत. बहुतेक सहा बाजूंचे, पण पाच आणि सातचेही सापडतात. मी वाकून मोजत बसले. प्रत्येक खांब आडव्या सांध्यांनी तुटलेला असतो. एका तुकड्याचा माथा फुगीर, तर त्यावर बसणाऱ्याचा तळ खोलगट, किंवा याच्या उलट. खोलगट माथ्यांत समुद्राचं पाणी साठतं. अशाच एका बशीत बोट बुडवलं. बाजूला लाटा आपटत होत्या, पण या वाटीतलं पाणी हलतही नव्हतं.

एक गोष्ट फार लागली. लोक नशिबासाठी म्हणून खांबांच्या फटीत नाणी ठोकतात. ती गंजतात, फुगतात आणि दगडाचे टवके उडवतात. खाली तांबूस ओघळ उतरलेले दिसतात. एका फटीत आपलं दोन रुपयांचं नाणं होतं. काढायला गेले, निघेना. साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीचा हा दगड आहे, 1986 पासून जागतिक वारसा आहे. या जागेची देखभाल करणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था परोपरीने सांगते आहे, कृपा करून असं करू नका.

खालून पुढे गेलात की 'ऑर्गन' लागतो, कड्यात उभे असलेले सुमारे 12 मीटर उंचीचे खांब. तिथून कड्याकडे मान वर केली आणि मी थबकलेच. काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा! एक लाव्हा थंड झाल्यावर आणि दुसरा येण्याआधी मोठा काळ गेला, तेव्हा इथली हवा उष्ण-दमट होती, आणि त्या हवेत खडक कुजून ही लाल माती झाली. म्हणजे आपल्या जांभ्याचीच जात, थेट आयर्लंडमध्ये. टूरच्या गाईडने फिन मॅककूल राक्षसाने स्कॉटलंडला जायला हा रस्ता बांधला ती गोष्ट रंगवून सांगितली, पण या पट्ट्याबद्दल एक शब्दही नाही.

मग शेफर्ड्स स्टेप्सच्या 162 पायऱ्या चढून कड्यावर गेले. दम लागतो, पण वरून अख्खा किनारा दातेरी दिसतो. कड्यावरून डनसेव्हरिकच्या पडक्या किल्ल्यापर्यंत वाट जाते. वारा इतका होता की मी अर्ध्यातून परतले.

दगडांवर चालायला पैसे पडत नाहीत, पार्किंग आणि माहिती केंद्राला पडतात. गुडघे दुखत असतील तर केंद्रापासून खडकांपर्यंत छोटी बस आहे. पाण्यालगतचे काळे दगड अतिशय निसरडे आहेत; राखाडी, कोरड्या दगडांवरच पाय टाका आणि पकड असलेले बूट घाला. छत्री वाऱ्यात टिकत नाही, जाकीटच हवं. डब्लिनहून, म्हणजे आयर्लंड या वेगळ्या देशातून येणार असाल तर सीमेवर कुणी अडवत नाही, पण उत्तर आयर्लंडला ब्रिटनचे नियम लागू आहेत, त्यामुळे तुमचा व्हिसा इथेही चालतो का ते निघण्याआधीच बघा.

परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या टिपून ठेवा. मी ठेवली होती, म्हणून शेवटचा अर्धा तास पुन्हा खाली, त्या बशीजवळ जाऊन बसता आलं.