गूगलचा टेक्निकल रायटिंग कोर्स: डेव्हलपरच्या इंग्रजीला कुठे उपयोगी, कुठे अपुरा

डेव्हलपरचं इंग्रजी सुधारायचं म्हटलं की बहुतेकांना बोलणंच आठवतं: इंटरव्ह्यू, क्लायंटचा कॉल, डेमो. रोजच्या कामात मात्र लिहिणंच जास्त असतं. तिकीट (कामाची किंवा तक्रारीची नोंद), पुल रिक्वेस्टचं (कोडमधला बदल सामील करून घ्या अशी विनंती) वर्णन, रिव्ह्यूतल्या कॉमेंट, रीडमी (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल), एरर मेसेज. हे सगळं कुणीतरी वाचतं तेव्हा लिहिणारा समजावून सांगायला शेजारी नसतो. गूगलचा टेक्निकल रायटिंग कोर्स याच लिखाणासाठी आहे, आणि तेवढ्यापुरता तो फार चांगला आहे.

कोर्स मोफत आहे आणि धडे वाचायला नोंदणीही लागत नाही. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन तो टीमच्या ट्रेनिंगमध्ये वापरता येतो. मुख्य भाग दोन. पहिल्यात थोडं व्याकरण, शब्दांची निवड, कर्तरी प्रयोग (अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस), स्पष्ट वाक्यं, छोटी वाक्यं, याद्या आणि तक्ते, परिच्छेद, वाचक कोण ते ओळखणं. दुसऱ्यात स्वतःचं लिखाण तपासणं, मोठ्या डॉक्युमेंटची मांडणी, आकृत्या आणि सॅम्पल कोड. शिवाय एरर मेसेजवर आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीवर वेगळे छोटे कोर्स आहेत. धडे आटोपशीर आहेत आणि सरावाचं उत्तर क्लिक केल्यावरच दिसतं.

पहिल्या भागातला सगळ्यात मोलाचा धडा कर्तरी प्रयोगाचा. असं एक वाक्य घ्या: ‘द टोकन इज व्हॅलिडेटेड बिफोर द रिक्वेस्ट इज फॉरवर्डेड.’ व्याकरणात खोट नाही. पण टोकन, म्हणजे ओळखीचा पुरावा, तपासतं कोण? गेटवे (रिक्वेस्ट आधी जिथे येते ते प्रवेशद्वार), की मागची सर्व्हिस? नवा माणूस हे वाचून गेटवे तपासतो असं धरतो, आपल्या सर्व्हिसमधली तपासणी काढून टाकतो, आणि कुणाच्या लक्षात न येता सुरक्षेला भोक पडतं. ‘द गेटवे व्हॅलिडेट्स द टोकन अँड फॉरवर्ड्स द रिक्वेस्ट टू द ऑर्डर सर्व्हिस’ असं लिहिलं की प्रश्नच उरत नाही. आपल्याकडच्या शाळकरी आणि सरकारी भाषेत ‘केले जाते’, ‘करण्यात येते’ इतकं मुरलेलं असतं की इंग्रजी लिहितानाही हात तिकडेच वळतो. म्हणून हा धडा घाईने उरकू नका.

दुसरी काळजी सर्वनामांची. ‘इफ द वर्कर लोजेस द कनेक्शन टू द क्यू, इट रिस्टार्ट्स.’ रिस्टार्ट काय होतं, वर्कर (काम उरकणारा प्रोग्रॅम) की क्यू (कामांची रांग)? कोर्सचा नियम साधा आहे: नाम आणि सर्वनाम यांत साधारण पाचपेक्षा जास्त शब्द आले, किंवा मध्ये दुसरं नाम शिरलं, की सर्वनाम सोडा आणि नाम पुन्हा लिहा. नुसतं ‘धिस’ही टाळा, त्याच्यापुढे नाम जोडा: ‘धिस टाइमआउट’, ‘धिस फ्लॅग’. एका गोष्टीला डॉक्युमेंटभर एकच शब्द वापरा, असंही कोर्स बजावतो. पहिल्या परिच्छेदात ‘जॉब’, दुसऱ्यात ‘टास्क’ आणि तिसऱ्यात ‘प्रोसेस’ लिहिलं, तर वाचणारा तीन वेगळ्या गोष्टी शोधत बसतो. शाळेतल्या निबंधात शब्द बदलायला शिकवतात. इथे ती सवय मोडावी लागते.

याद्या, विरामचिन्हं आणि मार्कडाउनचे धडे बहुतेकांनी भरभर चाळले तरी चालतील.

एरर मेसेजवरचा छोटा कोर्स मात्र चुकवू नका. ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढ्याने वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. नेमकं काय चुकलं, कोणती व्हॅल्यू चुकीची होती, अपेक्षा काय होती आणि आता काय करायचं, हे मेसेजमध्ये यायला हवं. उदाहरणार्थ: ‘द पोर्ट नंबर ७०००० इज आउट ऑफ रेंज. यूज अ नंबर बिटवीन १ अँड ६५५३५.’ दोन छोटी वाक्यं, पण सपोर्टचं एक तिकीट वाचलं. इंग्रजी लिहायला बिचकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. मजकूर लहान, साचा ठरलेला, आणि फायदा त्याच दिवशी दिसतो.

आता उणिवा. कोर्सने वाचकाला इंग्रजी बऱ्यापैकी येतं असं धरलेलं आहे. साधी वाक्यं अजून अडखळत बनत असतील तर आधी पायाभूत व्याकरण करा. ‘अ’ आणि ‘द’ हे मराठी माणसाचं कायमचं दुखणं, कारण आपल्या भाषेत आर्टिकल नाहीत. त्यावर इथे पुरेसा सराव मिळत नाही. कामापुरता नियम असा: वस्तू पहिल्यांदा आली की ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. ‘क्रिएट अ बकेट. देन अपलोड अ फाइल टू द बकेट.’ दुसऱ्या वाक्यात ‘अ बकेट’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की आणखी एक बकेट बनवायची आहे.

दुसरी उणीव सराव तपासण्याची. एकट्याने केलात तर तुमचं वाक्य कुणी बघत नाही, फक्त नमुना उत्तर दिसतं. कोर्सला वर्गात करायचाही भाग आहे, त्यात जोडीदार एकमेकांचं लिखाण तपासतात, आणि वर्ग घेणाऱ्यासाठी साहित्यही उपलब्ध आहे. टीममध्ये एक जण पुढाकार घेत असेल तर तोच मार्ग धरा.

रिव्ह्यू कॉमेंटचा सूर हा कोर्स शिकवत नाही. त्यासाठी गूगलचंच कोड रिव्ह्यूचं खुलं मार्गदर्शन वाचा: टीका कोडवर करा, माणसावर नको, बदल का हवा ते सांगा, किरकोळ सुचवणीआधी ‘निट’ लिहा, म्हणजे ती अडवणूक नाही हे समोरच्याला कळतं. कमिट मेसेजची (कोडमधला बदल नोंदवताना लिहायची टीप) रीतही वेगळीच शिकावी लागते: पहिली ओळ साधारण ५० अक्षरांत आणि आज्ञार्थी, ‘फिक्स्ड’ नव्हे तर ‘फिक्स’, मग एक रिकामी ओळ, मग कारण. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने १९९७ ची आरएफसी २११९ (इंटरनेटच्या मानकांमधले असे शब्द कसे वापरायचे ते सांगणारा दस्तऐवज) वाचावीच. तिच्यात ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारणाशिवाय मोडू नये, आणि ‘मे’ म्हणजे खरोखर ऐच्छिक. सौजन्य म्हणून ‘मस्ट’च्या जागी ‘शुड’ लिहिलंत तर समोरची टीम ती अट गाळू शकते, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. बोलण्यासाठी या कोर्समध्ये काहीही नाही.

करायची पद्धत: दिवसाला एकच धडा. तो झाला की स्वतःच्या जुन्या पुल रिक्वेस्टचं वर्णन उघडा आणि फक्त त्या धड्याचा नियम लावून पुन्हा लिहा. सगळे नियम एकदम लावायला गेलात की एकही अंगवळणी पडत नाही. नंतर वेल नावाचा ओपन सोर्स लिंटर, म्हणजे लिखाणातल्या चुका आपोआप दाखवणारं टूल, बसवा. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये गूगलचं स्टाइल पॅकेज नोंदवा, सिंक कमांड चालवा, मग रीडमीवर लिंटर चालवा. फंक्शनची नावं बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) ठेवा, नाहीतर स्पेलिंगच्या इशाऱ्यांचा पाऊस पडेल. हा लिंटर ठराविक साचे शोधतो, अर्थ समजून घेत नाही. त्यामुळे प्रत्येक इशारा मानायचा नसतो. कर्ता खरोखर महत्त्वाचा नसेल तिथे कर्मणी प्रयोग राहू द्या. छोट्या वाक्यांच्या नादात ‘बिकॉज’ही कापू नका. कारण आणि परिणाम दोन सुट्या वाक्यांत गेले की टाइमआउट का वाढवला हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.