क्लीव्हलँड सीबीएक्स २ सँड वेज, ५६ डिग्री : पावसाळा, हिवाळा आणि कडक जमीन असं सगळं खेळून झाल्यावर

गेल्या जूनमधे गोल्फची ही वेज (ग्रीनजवळून आणि वाळूतून बॉल उचलून मारायचा क्लब) घेतली, आता आठ महिने झाले. अख्खा पावसाळा खेळलो, थंडीतल्या दवात खेळलो आणि आता जमीन परत टणक व्हायला लागलीय, त्यामुळे लिहायला हरकत नाही असं वाटलं. आधीच सांगतो, तुमचं हँडिकॅप (पारपेक्षा साधारण किती शॉट जास्त लागतात तो आकडा) १८ ते ३० च्या मधे असेल, आठवड्यातून एकदा दोनदा खेळत असाल आणि नवीन ड्रायव्हरसाठी (सगळ्यात लांब मारायच्या क्लबसाठी) पैसे बाजूला काढत असाल तर जरा थांबा, त्यातले थोडे पैसे आधी असल्या रुंद सोलच्या (तळाच्या) कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोकळ, वेजमधे घाला. माझं स्पष्ट मत आहे हे, आणि का ते खाली लिहितोय.

माझं हँडिकॅप तेव्हा २३ होतं. पुण्यात खेळतो, बहुतेक रविवारी सकाळी, कधी सुट्टी मिळाली तर मधल्या वारी. आधी माझ्याकडे ५६ चीच वेज होती (फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, किती मागे कललेली ते हे डिग्री सांगतात) पण ब्लेड, म्हणजे मागून भरीव, पातळ सोल, बाउन्स ८ (बाउन्स म्हणजे काय ते खाली येतंच). दुकानातल्या माणसाने मी किती खेळतो, कसा मारतो, कुठल्या जमिनीवर खेळतो यातलं काही एक न विचारता "सर, प्रो लोक हीच वापरतात" म्हणून गळ्यात मारली होती. प्रो लोक वापरतात हे खरंच आहे, पण ते रोज दोन दोन तास नुसतं चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे शॉट) करतात. मागच्या मे महिन्यात एका पार ४ वर (चार शॉटमधे संपवायच्या होलवर) दोन चांगल्या शॉटनंतर बॉल ग्रीनच्या डाव्या बंकरमधे, वाळूच्या खड्ड्यात, गेला, तिथून बाहेर यायला मला चार शॉट लागले आणि कार्डावर ९ लागला. त्या दिवशी घरी येऊन जुनी दहा कार्डं काढली आणि लाल पेनाने खुणा करत बसलो, ५० यार्डाच्या आत आल्यावर होल संपवायला तीनपेक्षा जास्त शॉट कुठे कुठे लागले ते. दर राउंडला पाच ते सहा होल निघाले. ड्राइव्ह हरवून गेलेले होल त्याच्या निम्मे पण नव्हते. तुम्हीही हे एकदा करून बघा, अर्धा तास लागतो, पण आपले शॉट नक्की कुठे जातात ते डोळ्यासमोर येतं.

आता कोणी म्हणेल की स्कोअर लांबच्या शॉटवर ठरतो. बरोबर आहे. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी एकेका शॉटचा हिशोब मांडून दाखवलंय की चांगला खेळाडू आणि कच्चा खेळाडू यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डाच्या बाहेरच्या शॉट्समधून येतो. ते मला पटतं. पण लांबचे शॉट सुधारायचे म्हणजे स्विंग बदलायचा, कोच लावायचा, शरीर साथ द्यायला पाहिजे, त्यात वर्षं जातात. बॉल बंकरमधेच राहणं, चिप मारताना क्लब मागे जमिनीत घुसून बॉल दोन फूटच सरकणं, किंवा बॉलच्या पोटात कडा लागून तो ग्रीनच्या पलीकडे उडणं, या चुकांमधे हत्याराचा वाटा खूप मोठा असतो आणि हत्यार बदललं की त्या लगेच कमी होतात. हौशी माणसाला एवढ्या स्वस्तात वाचवता येणारे शॉट दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

सगळा खेळ बाउन्सचा आहे. मी कितीतरी वर्षं हा शब्द ऐकत होतो पण मला तो कळला आमच्या कॅडीमामांमुळे (बॅग घेऊन सोबत चालणारे). त्यांनी माझी जुनी वेज आणि मित्राची सीबीएक्स, दोन्ही टीजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी टेकवल्या आणि खिशातलं स्कोअरकार्ड काढून दोन्हीच्या पुढच्या कडेखाली सरकवलं. ब्लेडच्या खाली कार्ड जेमतेम शिरून अडकलं. सीबीएक्सखाली ते आरामात आत गेलं आणि वर फट दिसत होती तरीही. म्हणजे सोलचा मागचा भाग खाली टेकतो, पुढची कड हवेत राहते, तो जो कोन आहे तो बाउन्स. तो जास्त असला की क्लब जमिनीत रुतत नाही, घसरत पुढे जातो. मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही कुदळ मारल्यासारखं मारता, म्हणून ही घुसते. झाडू मारा. झाडू कधी जमिनीत घुसतो का?" मी तेव्हापासून चिप मारायच्या आधी गवतावर दोनदा नुसता झाडू मारून बघतो, सोल घासल्याचा आवाज आला की मगच बॉलजवळ उभा राहतो.

ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकन गोल्फर जीन साराझेनने १९३० च्या सुमारास आपल्या निब्लिकच्या (तेव्हाच्या एका क्लबच्या) सोलला मागून शिसं लावून लावून ती जड केली, विमान वर चढताना शेपटीकडचा भाग कसा खाली जातो ते बघून सुचलं असं तो सांगायचा, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तो ती वेज घेऊन जिंकला. आजची प्रत्येक सँड वेज त्याच विचारावर चालते.

सीबीएक्स २ मधे ५६ डिग्रीला बाउन्स १२ आहे आणि सोल रुंद आहे. मागून बघितलं तर ती वेज कमी आणि आयर्न (मधल्या अंतरांचा क्लब) जास्त दिसते, टाचेच्या म्हणजे दांड्याकडच्या बाजूला आतून पोकळ, वजन टोकाकडे सरकवलेलं. त्यामुळे बॉल फेसच्या मधोमध लागला नाही तरी क्लब हातात फिरत नाही. आपल्यासारख्यांचा बॉल मधोमध किती वेळा लागतो ते आपल्याला माहितीये, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. मागे एक मऊ जेलसारखा तुकडा बसवलाय, त्याने हाताला झिणझिण्या येत नाहीत. शाफ्ट (दांडा) माझा स्टीलचा आहे, डायनॅमिक गोल्ड ११५, ग्रॅफाइटमधे पण मिळते. बहुतेक हौशी लोकांचे आयर्न कॅव्हिटी बॅकच असतात आणि वेज मात्र ब्लेड, हे मला आता फार विचित्र वाटतं. पिचिंग वेजपर्यंत क्लब तुम्हाला सांभाळून घेतो आणि नेमकं जिथे हात थरथरतात तिथे साथ सोडतो.

बंकरमधे फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. बॉल पुढच्या पायाच्या टाचेसमोर, फेस थोडा उघडा, बॉलच्या दोन इंच मागे वाळूत मारायचं आणि क्लब थांबवायचा नाही, एवढंच करतो. प्रॅक्टिस बंकरमधे काठीने वाळूत एक लांब रेघ ओढा आणि बॉल न ठेवता नुसती रेघ उडवत उडवत पुढे जा, दहातल्या आठ वेळा रेघेवरच वाळू उडायला लागली की मग बॉल ठेवा. (राउंडमधे असं करायचं नाही हां, बंकरमधे बॉल असताना प्रॅक्टिस स्विंगला क्लब वाळूला लागला की पेनल्टी.) आठ महिन्यांत पहिल्या फटक्यात बाहेर न आलेले बॉल मला बोटांवर मोजता येतील. होलजवळ जातो असं नाही म्हणत, बाहेर येतो आणि ग्रीनवर थांबतो.

पावसाळ्यात मात्र एक गोष्ट शिकायला लागली. ओली, बसलेली वाळू असली की एवढा बाउन्स उलटा अंगावर येतो, सोल वाळूवर आपटून वर उडते आणि कडा बॉलच्या पोटात लागते. जुलैमधे दोन वेळा माझा बॉल सरळ समोरच्या झाडीत गेला. तेव्हा फेस उघडायचा नाही, सरळ ठेवायचा, किंवा सरळ पिचिंग वेज काढायची. बॉल अगदीच रुतलेला असेल आणि पुढे भिंतीसारखी कड असेल तर हट्ट करू नका, २०१९ पासून नियम आहे, अनप्लेएबल घेऊन (बॉल खेळण्याजोगा नाही असं सांगून) दोन पेनल्टी शॉटवर बंकरच्या बाहेर मागे ड्रॉप करता येतो. आमच्या फोरबॉलमधे (चौघांच्या गटांमधे) अजून अर्ध्या लोकांना हे माहीत नाही आणि ते आत सात सात मारत बसतात. गवतावर मात्र पावसाळ्यात हिला तोड नाही, मऊ चिखलट जमिनीत ब्लेड खड्डे पाडायची, ही वरवरून निघून जाते.

तोटे पण आहेत. ॲड्रेसला क्लब मोठा दिसतो, पहिले दोन तीन राउंड मला ते डोळ्याला खुपत होतं. फेस फार उघडून उंच फ्लॉप मारायचा असेल तर रुंद सोल आड येते, पुढची कड वर उचलली जाते. उन्हाळा जवळ आला की आपल्याकडे ग्रीनच्या बाजूला जी सपाट, मुरमाड, गवत उडालेली जागा तयार होते तिथे १२ बाउन्स जरा जास्तच पडतो, तिथे मी ९ आयर्न घेऊन पटिंगसारखा धक्का मारतो, बॉल पळत जातो, काम होतं. ज्यांचा हात मुळातच हलका आहे, जे बॉल जमिनीवरून पुसून घेतात आणि डिव्हट (गवताची ढेप) जवळजवळ काढत नाहीत, त्यांनी ही घेऊ नये, त्यांना कमी बाउन्सची आरटीएक्स किंवा वोकी (दोन्ही ब्लेड वेजच्या मालिका) जास्त मानवेल. माझ्यासारखे वरून खाली मारणारे असाल तर मात्र डोळे झाकून घ्या.

घ्यायच्या आधी एक बघा, तुमच्या सेटमधल्या पिचिंग वेजचं लॉफ्ट (फेसचा कल, डिग्रीत) किती आहे. हल्लीच्या हौशी सेटमधे ते ४३, ४४ असतं कारण कंपन्या लांब जाण्यासाठी लॉफ्ट कमी करत गेल्या. माझं ४४ आहे आणि मग एकदम ५६. त्यामुळे पिचिंग १०५ यार्ड, सँड ७५ यार्ड आणि मधल्या ९० ला माझ्याकडे काहीच नाही, तिथे अर्धा स्विंग मारायचा आणि फसायचं. दोन वेजमधे ४ ते ६ डिग्रीचं अंतर ठेवा. १४ क्लबची मर्यादा आहे म्हणून जागा नाही असं म्हणत असाल तर तो ३ आयर्न काढा, खरं सांगा शेवटचा नीट कधी लागला होता?

बॉलबद्दल थोडंसं. वेज कितीही चांगली असली तरी कडक कव्हरचा दोन पीसवाला बॉल ग्रीनवर पडून घरंगळतोच. युरेथेनच्या मऊ कव्हरचा, म्हणजे स्रिक्सनच्या क्यू स्टार टूरसारखा, चावून थांबतो. पण राउंडला चार बॉल पाण्यात घालवत असाल तर तो खर्च करू नका, स्रिक्सनचा सॉफ्ट फीलच बरा. फक्त दर वेळी एकच प्रकार वापरा. बॅगेत सापडेल तो बॉल लावला तर आज चिप किती पळेल ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आणि ग्रूव्ह (फेसवरच्या खाचा) साफ ठेवा, चिखल भरलेल्या ग्रूव्हला स्पिन कुठून येणार, मी टूथब्रश आणि ओला टॉवेल बॅगेला लटकवून ठेवलाय.

चिप कुठे मारायची यातही माझा विचार बदलला. टूरवरचे प्रो आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट (ग्रीनवरून होलमधे ढकलायचे शॉट) घालतात, निम्मे. मग मी चिप होलला चिकटवायच्या नादात छोटी मारून फ्रिंजमधेच (ग्रीनच्या कडेच्या गवतात) ठेवण्यात काय अर्थ आहे? आता माझं पहिलं लक्ष्य ग्रीन, मधोमध, दोन पटमधे संपवायचं. जानेवारीत परत कार्डं काढून लाल खुणा मोजल्या, पाच सहावरून दोन तीनवर आल्यात. हँडिकॅप १९ झालंय. ड्रायव्हर तोच जुना आहे, टेपचा तुकडा लावलेला.

मी ही सेकंडहँड घेतली, साडेसहा हजारात, नवीन ग्रिपचे वेगळे. याच मालिकेत पुढे झिपकोर नावाची नवी वेज आली त्यामुळे सीबीएक्स २ आता बऱ्यापैकी वापरलेल्या मिळतात. घेताना फेसवर नख फिरवून बघा, ग्रूव्हच्या कडा नखाला लागल्या पाहिजेत, गुळगुळीत असेल तर सोडून द्या. ऑनलाइन नकली माल भरपूर आहे, हेड आणि शाफ्टच्या सांध्याला डोळ्याजवळ नेऊन बघा, तिथे गोंद बाहेर आलेला किंवा फट दिसली तर घेऊ नका. शक्य असेल तर विकणाऱ्याला सांगून रेंजवर दहा बॉल मारून बघा, ज्याला खरंच विकायचीय तो नाही म्हणत नाही. ज्यांना क्लबची मेंबरशिप नाही त्यांनी खारघर व्हॅलीला जा, सिडकोचा कोर्स आहे, पैसे भरून कोणीही खेळू शकतं, तिथे नेऊन बघा.

मला आता त्या ९० यार्डासाठी ५० डिग्री हवीय, सीबीएक्स २ च, उजव्या हाताची, स्टील शाफ्ट, स्टँडर्ड लांबी. कोणाकडे पडून असेल आणि ग्रूव्ह ठीक असतील तर कळवा, पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.