शंभर मीटरच्या दोन तबकड्या: ग्रीन बँक की एफेल्सबर्ग?

दुर्बिणीवर निरीक्षणाची वेळ मागणारा प्रस्ताव लिहायला बसलं की हा प्रश्न हमखास पडतो. दोन्ही रेडिओ दुर्बिणी हव्या त्या दिशेला वळतात, दोन्हींचा व्यास शंभर मीटरच्या घरात. २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना (हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरी) दोघीही एका वेळी आकाशाचा साधारण ९ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका टिपतात. तेव्हा व्यास विसरा, बांधणी पाहा.

जर्मनीतल्या एफेल्सबर्गच्या (१९७१) तबकडीसमोर चार पायांवर नाभीची, म्हणजे लहरी एकवटतात त्या बिंदूवरची, केबिन उभी आहे. येणाऱ्या लहरी तिथे थोड्या अडतात आणि काही केबिन व तबकडीमध्ये मागेपुढे उसळत राहतात. नाभी ३० मीटरवर, म्हणून वर्णपटात (कुठल्या वारंवारतेला किती लहरी आल्या त्या आलेखात) दर ५ मेगाहर्ट्झला एक लाट उमटते. दीर्घिकेची हायड्रोजन रेषा, म्हणजे तिच्यातल्या हायड्रोजनची वर्णपटातली खूण, बरेचदा दीड-दोन मेगाहर्ट्झ रुंद असते. ती मंद असेल, तर रेषा कुठली आणि लाटेचा उंचवटा कुठला, हे सांगताना घाम फुटतो. अमेरिकेतल्या ग्रीन बँकची (२०००) १०० बाय ११० मीटरची तबकडी मुद्दाम एकांगी ठेवली आहे. आधाराचा हात कडेने वर जातो, समोर काहीच आडवं येत नाही. रुंद आणि मंद रेषा शोधायची असेल तर मी डोळे झाकून इथेच अर्ज करेन. शिवाय भोवती १९५८ पासून रेडिओ-शांतता क्षेत्र आहे. तबकडीजवळ पेट्रोलची गाडीही चालत नाही, कारण स्पार्क प्लगचा खरखराट ऐकू येतो!

मिलिमीटर लहरींसाठीही ग्रीन बँकच. २,००४ पत्रे २,२०९ मोटरी हलवून आकारात ठेवतात. मात्र दिवसा उन्हाने तबकडी वाकते, तेव्हा वेळ रात्रीची मागा. एफेल्सबर्गचा सांगाडा वाकला तरी परवलयच (लहरी एका बिंदूत आणणारा आकार) राहतो, फक्त नाभी सरकते. ही युक्ती मला अजूनही जास्त देखणी वाटते.

दक्षिणेकडचं लक्ष्य असेल तर अक्षांश मोजा. आकाशगंगेचं केंद्र ग्रीन बँकहून क्षितिजापासून २२ अंश वर येतं, एफेल्सबर्गहून जेमतेम १०. तरी २०१३ मध्ये त्या केंद्राजवळच्या मॅग्नेटारचे (अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचे) रेडिओ स्पंद टिपले ते एफेल्सबर्गनेच.

पल्सरच्या (नियमित स्पंद देणाऱ्या फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) वेळमापनाला दोन्ही चालतील. युरोपातल्या दुर्बिणींबरोबर जोडून निरीक्षण करायचं असेल तर एफेल्सबर्ग सोयीची, ती त्या दुर्बिणींच्या जाळ्यातलीच आहे.