गाडीच्या सीटवर काय घालावं: लेदरेट, टॉवेल कव्हर की मूळ कापड?

नवी गाडी ताब्यात घेताना हा प्रश्न हमखास येतो आणि घाईत लेदरेटला होकार दिला जातो. आम्हीही दिला होता. गाडी रत्नागिरीत, अंगणात उघड्यावर. दुसऱ्या पावसाळ्यानंतर वास जाईना म्हणून कव्हर उचकटलं, तर खालच्या मूळ कापडावर पांढरी बुरशी पसरलेली. वरून लेदरेट अगदी चकाचक होतं. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगते, पण लेदरेटची बाजूही खरी आहे.

लेदरेट म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या प्लॅस्टिकचा थर. त्याची मोठी सोय म्हणजे सांडलेलं पुसता येतं. लहान मुलं, कुत्रा किंवा भाड्याची गाडी असेल तर याला तोड नाही. ओल्या फडक्याने, साबणाच्या अगदी सौम्य पाण्याने पुसा आणि शिलाईत बसलेली धूळ जुन्या टूथब्रशने काढा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, वरचा थर खराब होतो. पीयू तर दमट उष्ण हवेत काही वर्षांनी आपोआप पापुद्रे सोडतं, मग ते नीट करता येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बसताना चटका बसतो तो वेगळाच. आणि आमच्याकडे जे झालं ते दमट भागात कुठेही होऊ शकतं: ओला रेनकोट घालून बसलं की पाणी शिलाईतून आत जातं, पण बाहेर यायला वाट राहत नाही.

टॉवेल कव्हर दिसायला साधं, पण घाम शोषतं आणि काढून घरी धुता येतं. पावसाळ्यात दोन जोड ठेवले तर एक वाळेपर्यंत दुसरा घालता येतो. तोटा एवढाच की ते सरकतं, सारखं नीट करावं लागतं.

कव्हर कोणतंही असो, एक गोष्ट आधी बघा. पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची खूण असेल, तर साइड एअरबॅग त्या सीटमधूनच उघडते. कव्हरने ती बाजू गच्च आवळली तर एअरबॅग अडते किंवा उशिरा उघडते. तिथे मोकळी जागा किंवा सहज फाटणारी शिलाई नसेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते कव्हर घेऊ नका. थंड हवा सोडणाऱ्या सीटवरही कव्हर घालू नका, छिद्रं बुजतात.

मूळ कापड तसंच ठेवायचं तर मेहनत आहे, पण भीती वाटते तेवढी नाही. आधी व्हॅक्यूम, मग शाम्पूचा फक्त फेस मऊ ब्रशने, आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने दाबून टिपून घ्यायचं. पाणी ओतायचं नाही; खालचा फोम भिजला की वाळायला दिवस जातात. म्हणून हे काम एप्रिलमध्ये उरकावं. दूध सांडलं तर आधी गार पाणी, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. वरण सांडलं आणि साबण लावताच डाग लालभडक झाला तर घाबरू नका, हळद साबणाला लागली की लाल होतेच. साबण काढून टाका आणि दारं उघडून त्या जागेवर ऊन पडू द्या. पिवळेपणा फिका होत जातो. पाणी न शोषू देणारा स्प्रे मिळतो, तो स्वच्छ, कोरड्या कापडावर मारला तर उपयोगी आहे. मात्र बसण्याच्या जागी लवकर झिजतो.

माझ्या मते कोकणात, मुंबईत, गोव्यात मूळ कापड आणि त्यावर टॉवेल कव्हर. घाटावरच्या कोरड्या हवेत गाडी सावलीत राहत असेल आणि मागे मुलं बसत असतील तर लेदरेट खुशाल घाला, पण पावसाळ्यानंतर एकदा कव्हर काढून खाली बघाच. शोरूमचं प्लॅस्टिक मात्र पहिल्याच दिवशी काढा, ओल अडकवण्यात ते लेदरेटच्याही पुढे आहे.

डॅशबोर्डचं थोडक्यात: चकचकीत सिलिकॉन पॉलिशवर धूळ चिकटते आणि दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब डोळ्यांवर येतं. पाण्यात बनवलेलं, चमक न आणणारं, उन्हापासून जपणारं ड्रेसिंग, म्हणजे प्लॅस्टिकला लावायचं पातळ द्रावण, घ्या. फडक्यावर घेऊन लावा. स्टिअरिंगला आणि पेडलला यातलं काहीही लावू नका, हात-पाय घसरतात.