मूड आणि सवयींची रोजची नोंद: काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल. रोज मूड नोंदवल्याने माझी चिंता कमी झाली का? थेट नाही. पण ‘हा आख्खा आठवडा वाईट गेला’ या वाक्यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही, आणि तेवढ्यासाठी हा खटाटोप मला परवडला.

सुरुवात केली ती नेहमीच्या पद्धतीच्या अ‍ॅपने: पाच चेहरे, त्याखाली झोप, व्यायाम, काम, भेटीगाठी असे टॅग. चेहरा निवडायला दोन सेकंदही लागत नाहीत. अडचण वेगळीच निघाली. ज्या दिवशी मरगळ होती त्या दिवशीही पडलेला चेहरा, आणि ज्या दिवशी छातीत धडधड, हात गार, डोक्यात विचारांची गर्दी, त्या दिवशीही तोच. हे दोन दिवस एकसारखे कसे? मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये भावनांची जी मांडणी केली, तिच्यात दोन अक्ष आहेत: एक सुखद ते दुःखद, दुसरा शांत ते उत्तेजित. पाच चेहऱ्यांत पहिलाच अक्ष येतो. चिंतेच्या माणसाला खरी गरज दुसऱ्याची. मी ‘तगमग’ नावाचा टॅग करून त्याला ० ते ३ आकडे दिले, आणि तिथून नोंदींना काही अर्थ यायला लागला. तुमच्या अ‍ॅपमध्ये स्वतःचा टॅग बनवता येत नसेल तर सरळ वही घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. रात्री झोपताना एकदाच नोंद केली की शेवटच्या तासाचा रंग सगळ्या दिवसावर चढतो. आणि जीव घाबरा झाला तेव्हाच अ‍ॅप उघडलं तर महिन्याअखेरीस आलेख सांगतो की तुम्ही सदैव घाबरलेले असता! शांत दुपारी कोण कशाला नोंद करेल? म्हणून मी तीन वेळा ठरवून घेतल्या. मन कसंही असो, त्या वेळी लिहायचं. संशोधक लोकांना दिवसभरात अधूनमधून विचारतात की ‘आत्ता कसं वाटतंय’, त्यामागेही हेच कारण आहे: आठवणीवर विसंबायचं नाही. माझ्या नोंदींत तगमग बहुतेकदा सकाळी होती, संध्याकाळपर्यंत ओसरलेली. आठवणीत मात्र दिवसच्या दिवस काळे होते.

टॅगांच्या तुलनेवर फार भिस्त ठेवू नका. ‘चाललात त्या दिवशी मूड चांगला’ असं अ‍ॅप आनंदाने सांगतं, पण मूड चांगला असतो तेव्हाच पाय बाहेर पडतात, त्याचं काय? मी मग काही आठवडे मनात असो-नसो चालले. फरक होता, पण अ‍ॅप दाखवत होतं त्यापेक्षा बराच लहान. झोपेचं त्याहून अवघड. कालची अपुरी झोप आजची चिंता वाढवते आणि आजची चिंता रात्रीची झोप खाते, त्यामुळे झोप कुठल्या तारखेखाली लिहायची हे पहिल्याच दिवशी ठरवा. कॅफिनचा धागा तेवढा स्वच्छ सापडला. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. दुपारनंतरची कॉफी बंद केली आणि रात्रीची तगमग उतरली.

सगळ्यात मोलाचा ठरला तो मी स्वतः जोडलेला रकाना. एका बाजूला ‘काय होईल असं वाटतंय’, दुसऱ्या बाजूला, नंतर, ‘काय झालं’. ही कल्पना माझी नाही, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीत, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीत, भाकितं अशीच तपासून पाहतात. मेसेजला उत्तर आलं नाही, म्हणजे समोरची व्यक्ती नक्की चिडलीय. झालं काय, तर ती प्रवासात होती. पानामागून पान असंच. काही भाकितं खरीही ठरली, आणि गंमत म्हणजे त्या प्रसंगांतून मी बऱ्यापैकी निभावून नेलं होतं. चेहऱ्यांच्या आलेखाने हे मला कधीच सांगितलं नसतं.

आता खटकलेलं. स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस नोंद केली त्याची मोजणी! एक दिवस चुकला की आकडा शून्यावर, वर अ‍ॅपचा रुसलेला मेसेज. चिंतेच्या माणसाला आणखी एक परीक्षा कशाला? फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या सवयींवरच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, पण पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता, आणि एखादा दिवस हुकल्याने विशेष बिघडत नव्हतं. स्ट्रीक बंद करता येत असेल तर करा. आलेखही सारखा उघडू नका. ‘आज बरी आहे ना मी?’ म्हणून दर तासाला तपासणं हीसुद्धा चिंताच असते. मी आलेख आठवड्यातून एकदाच बघते. ज्यांना आधीपासून नाडी किंवा श्वास तपासत राहायची सवय आहे, त्यांनी समुपदेशकाला विचारूनच या वाटेला जावं.

चिंता खरंच उतरतेय का, हे बघायला जीएडी-७ बरी. २००६ मध्ये आलेली ७ प्रश्नांची ही प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. गुण ० ते २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. हे निदान नव्हे, चाळणी आहे. माझा आकडा मध्यममधून सौम्यमध्ये आला, पण त्याच काळात समुपदेशनही चालू होतं, तेव्हा श्रेय नोंदींच्या पदरात टाकणार नाही.

अ‍ॅप निवडताना नोंदी फोनमध्येच राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात, पासवर्ड लावता येतो का आणि सगळा मजकूर फाइल म्हणून बाहेर काढता येतो का, एवढं नक्की बघा. मी ती फाइल समुपदेशकाला दाखवली. रंगीत आलेख त्यांनी भराभर सरकवले आणि भाकितांच्या रकान्यावर पुढचा तासभर आम्ही बोललो.