एम-१ कार्बाइन: मूळ भाग आणि नंतर बसवलेले भाग

अमेरिकन सैन्यासाठी १९४२ ते १९४५ या काळात साठ लाखांहून अधिक एम-१ कार्बाइन (आखूड, हलक्या रायफली) इनलँड, विंचेस्टर आदी कंपन्यांनी बनवल्या. युद्धानंतर दुरुस्तीच्या वेळी कोणता भाग कोणत्या कारखान्याचा, याचा विचार न करता ते बसवले गेले. त्यामुळे आज हाती येणारी बंदूक बहुधा मिश्र असते.

सुरुवातीच्या मूळ बंदुकीवर मागची साइट (नेम धरण्याचा भाग) एल आकाराची, दोन अंतरांसाठी उलटवायची असते. सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) आडवी दाबायची असते आणि नळीभोवतीचा पट्टा संगिनीच्या खुंटीविना असतो. नंतर भाग बदललेल्या बंदुकीवर साइट सरकवून जुळवता येते, सेफ्टी फिरवायची असते आणि पट्ट्याला खुंटी असते. मात्र युद्धाच्या अखेरीस हे नवे भाग कारखान्यातूनच बसून आले असल्याने केवळ त्यांच्यावरून बंदूक बदललेली आहे असा निकाल देणे चुकीचे ठरते. अनुक्रमांकावरून निर्मितीचा काळ काढून त्याच्याशी भागांचा मेळ घालावा. नवी साइट निर्मात्याचे नाव झाकू शकते, म्हणून भागांवरील लहान सांकेतिक अक्षरे भिंगाने वाचावीत.

गोव्यातील संग्राहकाने गंजावर तर मुळीच विसंबू नये, कारण मुरगाव किंवा कळंगुटच्या खाऱ्या, दमट हवेत कालचा बदली भागही दोन पावसाळ्यांत जुना दिसू लागतो.

माझ्या मते सैन्यानेच बदललेली बंदूक आहे तशीच ठेवावी. बाजारातून जुने भाग आणून तिला ‘मूळ’ बनवल्यास तिचा खरा सेवा-इतिहास पुसला जातो.