नौपाड्यात शिवलेला व्हिक्टोरियन धाटणीचा बॅले-झगा

मुलीच्या बॅलेवर्गाच्या कार्यक्रमासाठी ठाण्यात नौपाड्यातील नृत्यवेशभूषेच्या एका दुकानातून व्हिक्टोरियन धाटणीचा झगा शिवून घेतला आणि तो अतिशय जाणतेपणाने शिवला गेला आहे. १८३२ मध्ये पॅरिसला बॅले-नर्तकी मारी तॅल्योनीने घातलेल्या पांढऱ्या, घेरदार झग्याची धाटणी व्हिक्टोरिया राणीच्या काळातही रंगमंचावर टिकून होती. इथेही जाळीचे थर कमरेशी बारीक चुण्या घालून बसवले असून चोळीला मऊ अस्तर असल्याने शिवण टोचत नाही.

कापडाबाबत मात्र मी आग्रही होते. त्या काळी हे झगे विरळ, तलम सुती कापडाचे असत आणि रंगमंचावर उघड्या ज्योती जळत. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात नर्तकी क्लारा वेब्स्टरच्या आणि १८६२ मध्ये पॅरिसला तालमीच्या वेळी नर्तकी एमा लिव्रीच्या झग्याने पेट घेतला व त्या भाजण्यानेच दोघींचा अंत झाला. अग्निरोधक प्रक्रियेने कापडाचा तलमपणा जातो म्हणून लिव्रीने ती नाकारली होती, हे वाचून आजही जीव हळहळतो. नायलॉनची जाळीही ज्योतीजवळ वितळून अंगाला चिकटते, हे दुकानदारांनी स्वतःहून सांगितले आणि दीपप्रज्वलनाची समई मुलींपासून दूर ठेवण्यास बजावले. पाठीचे हूक थोडे सैल होते, ते त्यांनी लगेच बदलून दिले. स्नेहसंमेलनांच्या दिवसांत तेथे गर्दी असते, त्यामुळे माप आधीच द्यावे.